टोपोशीट कसं वाचायचं: कोल्हापूरकरांसाठी कंटूर, उतार आणि पाण्याची वाट

पूर ओसरला की भिंतीवर चिखलाची एक रेष राहते, ती कोल्हापुरात सगळ्यांनी बघितलीय. सुतारवाड्यात, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, आंबेवाडीत, प्रयाग चिखलीत, २०१९ ची रेष आणि २०२१ ची रेष लोक अजून बोटानं दाखवतात. आता एका गल्लीतल्या सगळ्या घरांवरची ती रेष मनातल्या मनात जोडत जा, मधल्या मोकळ्या जागेवर पाण्याची कड जिथपर्यंत आलेली तिथनं पण न्या, की जी वेडीवाकडी रेघ तयार होते ती म्हणजे कंटूर, पुस्तकी भाषेत समोच्च रेषा. समुद्रसपाटीपासून एकाच उंचीवर असलेल्या सगळ्या जागा जोडणारी रेघ, बास, एवढंच असतंय ते. शाळेत भूगोलाच्या पेपरात दोन मार्कांसाठी व्याख्या पाठ केली आणि सोडून दिली, पण प्लॉट घेताना, शेतात चर काढताना, पन्हाळा ते पावनखिंड चालायला निघताना हीच रेघ लई कामाची आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, नकाशा समोर घेऊन वाचलं तर जास्त कळेल.

नकाशा कुठला घ्यायचा

गुगल मॅप रस्ता दाखवायला चांगला, जमीन समजायला नाही. जमिनीसाठी सर्व्हे ऑफ इंडियाचं टोपोशीट, म्हणजे चढउतार, ओढे, रस्ते सगळं दाखवणारा नकाशा लागतो. ही १७६७ साली सुरू झालेली संस्था, मुख्यालय डेहराडूनला, आणि यांच्या ऑनलाइन पोर्टलवर अकाउंट काढलं की १:५०,००० चे नकाशे पीडीएफ मधे उतरवून घेता येतात. आधी हे नकाशे मिळवणं म्हणजे मोठं काम होतं, २०१७ पासून ते बरंच सोपं झालंय.

शीटचा नंबर समजून घ्या म्हणजे शोधाशोध वाचते. जुन्या पद्धतीत ४ अंश बाय ४ अंशाच्या चौकोनाला एक नंबर, आपला ४७. त्याचे १६ भाग, ए पासून पी पर्यंत, वरून खाली एक रांग झाली की पुढची रांग. कोल्हापूर साधारण १६ अंश ४२ मिनिटं उत्तर आणि ७४ अंश १४ मिनिटं पूर्व, म्हणजे ४७ एल. त्या एल चे परत १६ तुकडे, १५ मिनिटं बाय १५ मिनिटं, तेही वरून खाली मोजायचे. शहराचा मोठा भाग ४७ एल/२ मधे येतो आणि पूर्वेकडचं टोक ४७ एल/६ मधे जातं, कारण ७४ अंश १५ मिनिटांची रेघ तिथूनच जाते. पन्हाळा आणि जोतिबा ४७ एल/१ वर. विशाळगड मात्र ४७ एच/९ च्या अगदी पूर्व कडेला, त्यामुळं पन्हाळा ते विशाळगड बघायचं तर एल/१, एच/१३, एच/९ अशी तीन शीटं शेजारी शेजारी लावावी लागतात. नवीन ओपन सिरीजमधे नंबर ई४३ नं सुरू होतात, पण जुना नंबर माहीत असला की नवा सापडतो.

सुरुवात एल/१ पासूनच करा असं माझं म्हणणं आहे. पन्हाळा, जोतिबा, मसाई पठार, वारणेचं खोरं, कासारीचं खोरं, सगळं एका कागदावर आहे आणि यातल्या बऱ्याच जागा तुम्ही डोळ्यानं बघितलेल्या असणार, त्यामुळं नकाशात काय आणि जमिनीवर काय हे लगेच जुळवता येतंय.

स्केल, दिशा, रंग हे पटकन

१:५०,००० म्हणजे नकाशावरचा १ सेंटीमीटर जमिनीवर ५०० मीटर. २ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर, हे डोक्यात बसवा. वळणावळणाचा रस्ता मोजायचा तर पट्टी नको, दोरा घ्या, रस्त्यावरनं वळणं घेत फिरवा आणि मग सरळ करून पट्टीवर मोजा. पीडीएफची प्रिंट काढताना मात्र काळजी घ्या, ‘फिट टू पेज’ केलं की स्केल गेलं. पूर्ण शीट अर्ध्या मीटरपेक्षा जास्त रुंद आणि उंच असतंय, ते ए४ वर बसवलं तर १ सेंटीमीटरचे ५०० मीटर राहत नाहीत. अशा वेळी खाली छापलेली आडवी मोजपट्टी असते तिच्यावरनं मोजायचं, ती नकाशाबरोबरच लहानमोठी होते.

वरची बाजू उत्तर. खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यात फरक असतो पण आपल्या भागात तो फार थोडा आहे, ट्रेकला जाणाऱ्यानं त्याची चिंता करायचं कारण नाही.

रंगाचं सांगायचं तर तपकिरी म्हणजे कंटूर, निळा म्हणजे पाणी, हिरवा जंगल, पिवळा शेती, लाल पक्के रस्ते आणि वस्ती, काळा म्हणजे नावं, सीमा आणि कोरडे ओढे. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. काळ्या रेघेनं दाखवलेला ओढा म्हणजे उन्हाळ्यात कोरडा, तिथं बाटली भरायला मिळणार नाही. विहिरीच्या किंवा बांधाच्या शेजारी आकड्याला जोडून इंग्रजी आर अक्षर (5r असं) छापलेलं दिसेल, ती खोली किंवा उंची आजूबाजूच्या जमिनीपासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नाही. त्रिकोण आणि शेजारी आकडा म्हणजे सर्व्हेवाल्यांनी मोजून पक्की केलेली उंची, नुसता ठिपका आणि आकडा म्हणजे स्पॉट हाइट, त्या एका जागेची उंची.

आता मुख्य काम, कंटूर

१:५०,००० च्या शीटवर बहुतेक ठिकाणी दोन शेजारच्या कंटूरमधे २० मीटर उंचीचा फरक असतो, आकडा खाली छापलेला असतो तो बघून घ्यायचा. दर पाचवी रेघ जाड, म्हणजे जाड ते जाड १०० मीटर. आधी फक्त जाड रेघा बघा, बारीक सोडून द्या, जमिनीचा ढोबळ आकार लगेच डोळ्यापुढं येतो, मग बारीक रेघांकडं वळा.

रेघा जवळ म्हणजे चढ उभा, लांब म्हणजे सपाट. पण ‘उभा’ म्हणजे किती हे पण काढता येतं आणि ते काढायची सवय लावा. समजा दोन रेघांमधलं अंतर २ मिलिमीटर, म्हणजे जमिनीवर १०० मीटर, उंची वाढली २० मीटर, म्हणजे पाचास एक चढ, पाठीवर सॅक असली की दमछाक होणारच. अंतर १ मिलिमीटर असलं तर ५० मीटरला २० मीटर, तिथं वाट नागमोडीच असणार. आणि रेघा एकमेकींना चिकटल्या, मधे जागाच राहिली नाही, तर तो कडा, तिथनं वाट आहे असं कुणी सांगितलं तरी दहा वेळा विचार करा.

पन्हाळ्याच्या भोवती बघा काय होतंय. खालच्या गावांपासून रेघा हळूहळू जवळ यायला लागतात, गडाच्या कडेला एकदम दाटी, आणि त्या दाटीच्या आत एकदम मोकळी जागा. असं मधे मोकळं आणि कडेला दाट दिसलं की समजायचं वर पठार आहे. मसाई पठाराचं पण तसंच, ते तर लांबच्या लांब पसरलंय. आपल्याकडच्या डोंगरांचे माथे असे सपाट का, तर हे सगळं दख्खनच्या लाव्हाचं काम, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचले, बेसॉल्ट तयार झाला, आणि पन्हाळा, मसाई पठार अशा जागी त्याच्या वर जांभ्या दगडाची टोपी आहे. टोपी टिकली, बाजू झिजल्या. म्हणून टोकदार शिखराची गोल गोल बारीक होत जाणारी वर्तुळं आपल्या शीटवर कमी, आणि ही टेबलासारखी मोकळी जागा जास्त.

आता तेच पश्चिमेला गगनबावड्याच्या बाजूला बघा. पूर्वेकडनं कोल्हापूरहून गगनबावड्यापर्यंत रेघा निवांत, आणि घाटमाथा आला की करूळच्या बाजूला तपकिरी रंगाचा नुसता पट्टा, थोड्या अंतरात जमीन चार-पाचशे मीटर खाली कोकणात उतरते. त्या पट्ट्याच्या वरच्या कडेवर पेन्सिल फिरवा. तुमच्या पेन्सिलीच्या पूर्वेला पडलेला पाऊस कुंभीतनं पंचगंगेत, तिथनं नरसोबावाडीला कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात, आणि पश्चिमेला पडलेला अरबी समुद्रात. अरबी समुद्र तिथनं पूर्वेकडच्या समुद्राच्या मानानं कितीतरी जवळ, तरी पाणी कुठं जाणार हे ती कड ठरवते.

दरी आणि सोंड यातला फरक

इथं नवीन माणसाची सगळ्यात जास्त गडबड होते. दोन्हीकडं कंटूर व्ही सारखे वळलेले असतात. नियम एकच, व्हीचं टोक चढाच्या बाजूला असलं तर ती दरी किंवा ओढा, टोक उताराच्या बाजूला असलं तर ती डोंगराची सोंड. ओढ्याची रेघ छापलेली नसली तरी व्ही वरनं ओळखता येतंय की पावसाळ्यात पाणी इथनंच येणार. ट्रेकिंगला वाट चुकल्यावर उताराला लागून ओढ्यात उतरायचं डोक्यात येतं, ते सह्याद्रीत करू नका, ओढा पुढं जाऊन कड्यावरनं उडी मारतो. सोंड धरा.

दोन उंच जागांच्या मधे थोडी खाली असलेली जागा म्हणजे खिंड. पन्हाळा आणि जोतिबा यांच्या मधे वाघबीळ आहे, रत्नागिरी रोडवरनं जाताना गाडी तिथं चढते आणि उतरते. शीटवर तिथं दोन्ही बाजूला कंटूर चढत जातात आणि दुसऱ्या दोन्ही बाजूला उतरत जातात, रस्ता बरोबर मधनं काढलाय.

हे जमलं की एका पाणलोटाची कड, म्हणजे पाणी दोन नद्यांत वाटणारी रेघ, स्वतः आखून बघा, यापेक्षा चांगली प्रॅक्टिस नाही. जोतिबाच्या डोंगरमाथ्यावरनं पेन्सिल सुरू करा, माथ्या-माथ्यावरनं पन्हाळ्याकडं न्या, ओढा कुठंच ओलांडायचा नाही, ही अट. ही रेघ म्हणजे वारणा आणि पंचगंगा यांची वाटणी. उत्तर उतारावरचं पाणी वारणेत जाऊन सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळतं, दक्षिणेचं कासारीतनं पंचगंगेत येतं आणि नरसोबावाडीला कृष्णेला मिळतं. पेन्सिलीनं ओढा ओलांडला गेला तर रेघ चुकली, परत मागं या.

कागदावर डोंगर उभा करायचा

शीटवर पन्हाळ्यापासून जोतिबापर्यंत सरळ रेघ मारा, साधारण १५ सेंटीमीटर भरेल. त्या रेघेला कागदाची सरळ पट्टी चिकटून धरा आणि जिथं जिथं कंटूर रेघेला कापतोय तिथं पट्टीवर खूण करून उंची लिहा. मग आलेख कागदावर खाली ती पट्टी ठेवा, उभ्या बाजूला १ सेंटीमीटर म्हणजे १०० मीटर असं घ्या, प्रत्येक खुणेच्या वर तिच्या उंचीला ठिपका द्या आणि ठिपके जोडा. डोंगर, मधली उतरण, परत डोंगर, सगळं बाजूनं कापून दाखवल्यासारखं दिसतंय. आडवं स्केल १ सेंटीमीटरला ५०० मीटर आणि उभं १०० मीटर, त्यामुळं डोंगर खऱ्यापेक्षा पाचपट उभा दिसतो हे लक्षात ठेवा, नाहीतर पोरं घाबरतील. या चित्रावर पट्टी ठेवली की इथनं ती जागा दिसेल का नाही हे पण कळतं, मधे काही आडवं येत नसलं तर दिसणार.

पन्हाळा ते पावनखिंड जाणाऱ्यांनी हेच वाटेनुसार करावं. १६६० च्या जुलैमधल्या त्या रात्रीबद्दल आपण लहानपणापासून ऐकतो, पण म्हाळुंगे, मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी, पांढरेपाणी या वाटेचा चढउतार कागदावर काढून बघितला की बांदलांच्या माणसांनी पावसात, अंधारात, पालखी खांद्यावर घेऊन काय केलं ते अंगावर येतं. आणि खिंड तिथंच का लढवली ते पण नकाशाच सांगतो, कासारीचं पाणी जिथं सुरू होतं त्या भागात दोन्हीकडनं रेघा आवळत येतात आणि मधे माणसांची फळी पसरून चालायला जागाच राहत नाही.

टोपोशीट काय सांगत नाही

आता प्लॉटवाल्यांसाठी, आणि हे मी मुद्दाम ठासून लिहितोय. शहरात आणि शिरोळच्या बाजूला जमीन इतकी सपाट आहे की कंटूर एकमेकांपासून खूप लांब लांब असतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, आणि २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. इशारा पातळी ते महापूर हा सगळा फरक १६-१७ फूट, म्हणजे ५ मीटर. शीटवर दोन कंटूरमधे २० मीटर. म्हणजे अख्खा महापूर दोन रेघांच्या मधल्या कोऱ्या जागेत बसतो, आणि त्या कोऱ्या जागेत तुमचा प्लॉट असला तर टोपोशीट बघून ‘इथं पाणी येत नाही’ असं म्हणता येत नाही. एजंट म्हणाला तरी नाही.

मग काय बघायचं? एक म्हणजे पाटबंधारे खात्यानं आखलेली पूररेषा, निळी रेष साधारण २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेष १०० वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची. दुसरं, नदीच्या बाजूनंच विचार करू नका, जयंती नाल्यासारखे नाले बघा, नदी फुगली की नाल्याचं पाणी आत जायला जागा नसते, ते मागं फिरतं आणि नदीपासून लांबच्या गल्लीत शिरतं. तिसरं, शेजारच्या जुन्या घरावरची ती चिखलाची रेष, तिच्यापासून तुमच्या जोत्यापर्यंत उंचीचा फरक मोजून घ्या. थोड्या अंतरात ही रेष आडवी धरून चालतं, पण नदीला उतार असतो म्हणून दोन-चार किलोमीटर लांबची पातळी आणून आपल्या प्लॉटला लावू नका. आणि गट नंबरचा नकाशा किंवा सातबारा घेऊन उंची शोधू नका, तो मालकीच्या हद्दीचा नकाशा, त्यात उंची नसतेच.

फोनवर उंची बघणाऱ्यांनी

बरेच जण ॲप उघडतात, उंची बघतात आणि म्हणतात नकाशा चुकीचा. यात पृथ्वीच्या आकाराचा भाग आहे. पृथ्वी पूर्ण गोल नाही, विषुववृत्ताजवळ त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवाकडं ६,३५७, म्हणजे चपटी. जीपीएस एक गुळगुळीत चपटा आकार धरून त्याच्यापासून उंची मोजतं. पण खरी समुद्रसपाटी तेवढी गुळगुळीत नाही, गुरुत्वाकर्षण सगळीकडं सारखं नसल्यानं ती कुठं वर तर कुठं खाली असते, आणि भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ती जगात सगळ्यात जास्त खाली आहे, त्या गुळगुळीत आकारापासून १०० मीटरपेक्षा जास्त. आपल्याकडं हा फरक साधारण साठ-सत्तर मीटर. त्यामुळं ॲपनं दुरुस्ती केली नसली तर शीटवर साडेपाचशे असलेली जागा फोनवर पाचशेच्याही खाली दिसते. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. ॲपच्या सेटिंगमधे समुद्रसपाटीपासून किंवा एमएसएल असा पर्याय असला तर तो चालू करा.

सपाट कागदावर गोल पृथ्वी आणली की काहीतरी ताणलं जाणारच, हे पण इथंच सांगतो. मोबाईलवरच्या नेहमीच्या जगाच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, खरं तर आफ्रिका त्याच्या चौदा पट. पण एका टोपोशीटएवढ्या तुकड्यात हा ताण इतका कमी की पट्टी लावून अंतर मोजायला काही अडचण नाही.

शेतात स्वतः कंटूर आखायचा

यासाठी सर्व्हेअर पाहिजेच असं नाही. गवंडी लेव्हलसाठी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी घ्या, दहा-पंधरा मीटर, आणि दोन सारख्या उंचीच्या काठ्या, दोन्हीवर सेंटीमीटरच्या खुणा करा. नळीत पाणी भरताना बुडबुडा राहू देऊ नका, एक बुडबुडा असला तरी माप चुकतं. दोन्ही टोकं काठ्यांना बांधा, काठ्या शेजारी शेजारी उभ्या करून पाणी दोन्हीकडं एकाच खुणेवर येतंय का बघा, ती खूण लिहून ठेवा.

मग एकानं पहिल्या खुंटीजवळ थांबायचं, दुसऱ्यानं नळी पुरेल तेवढं आडवं पुढं जायचं. चालताना दोघांनीही टोकांवर अंगठा दाबून ठेवायचा, नाहीतर पाणी सांडतं. जागेवर गेल्यावर अंगठे काढा, पाणी स्थिर होऊ द्या. पुढच्याच्या काठीवर पाणी खुणेच्या वर आलं तर तो खाली उतरलाय, त्यानं चढाकडं सरकायचं. पाणी खुणेच्या खाली असलं तर तो वर गेलाय, उताराकडं यायचं. दोन्हीकडं खुणेला पाणी आलं की तिथं खुंटी ठोका, मग मागचा माणूस नव्या खुंटीवर आणि पुढचा परत पुढं. खुंट्यांवरनं फक्की टाकत गेलं की जी रेघ दिसते ती तुमच्या शेताचा कंटूर, समतल चर त्याच रेघेवर काढायचा, बांधाच्या सरळ रेघेत नाही. चर कुठंही रेघ सोडून खाली गेला तर सगळं पाणी त्या खालच्या टोकाला जमा होतं आणि पहिल्या मोठ्या पावसात तिथंच फुटतं.

हीच नळी जोत्यासाठी पण चालते. चिखलाच्या रेषेच्या तळाशी जमिनीवर पहिली काठी, प्लॉटच्या दिशेनं दुसरी, दोन्हीवरचे आकडे लिहायचे आणि पुढच्या काठीवरचा आकडा मागच्यातनं वजा करायचा. उत्तर अधिक आलं तर जमीन तेवढी चढलीय, उणं आलं तर उतरलीय. टप्प्याटप्प्यानं प्लॉटपर्यंत जाऊन सगळी बेरीज करा, त्यातनं भिंतीवरच्या रेषेची जमिनीपासूनची उंची वजा करा. जे उरेल ते उणं असलं तर पूर त्याच पातळीला आल्यावर प्लॉटवर तेवढं पाणी उभं राहणार, आणि जोतं त्यापेक्षा वर न्यायचं.